साबळेभाऊंचा मांजरपाट

नारायणगावच्या बाजारपेठेत साबळेभाऊंनी वीस वर्षं झाडून सगळ्या वस्तूंचे भाव विचारले आणि त्यातली एकही वस्तू कधी विकत घेतली नाही. तांदूळ मुठीत घेऊन नाकाशी न्यायचे, तूरडाळ तळहातावर पसरून चष्म्यातून बघायचे, वांग्याचं देठ दाबायचे, भाव विचारायचे, आणि दुकानदार तागडीला हात घालेपर्यंत म्हणायचे, "घ्यायचं न्हाई, नुसता भाव." मग पिशवीतून घडी घातलेला छापील कागद निघायचा. त्यावर ते तो आकडा सावकाश, वळणदार अक्षरात उतरवायचे आणि पुढच्या दुकानाकडे वळायचे.

नवख्या माणसाचं डोकंच फिरायचं. एकदा मंचरकडची एक भाजीवाली त्यांच्यावर अशी कडाडली की अख्खी ओळ बघायला लागली. "सकाळधरनं भवानी न्हाई झाली आन् ह्ये बाबा नुसतं देठं मोडीत हिंडतंय!" साबळेभाऊंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग गवार काय लिवू, बाई?" न्हाव्याकडे ते आठवड्याची दाढी घेऊन जायचे. न्हावी खुर्ची झटकून "बसा भाऊ" म्हणायचा. "बसायचं न्हाई. दाढी कितीला, तेवढं सांग." दवाखान्यात खोकत खोकत जाऊन त्यांनी डॉक्टरांची तपासणी फी विचारली होती आणि खोकत खोकतच परत आले होते.

माणूस वेडा नव्हता. सरकारचं काम करत होता. किमान वेतन नावाचा एक दर सरकार ठरवतं. शहरात एक, नगरपालिकेच्या हद्दीत दुसरा, खेड्यात तिसरा. महागाई वाढेल तसा त्यावर भत्ता वाढतो. आणि महागाई किती वाढली हे कळायला गावोगावी ठरलेल्या दुकानांत, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वस्तूंचे भाव टिपायला माणसं नेमलेली असतात. आमच्याकडचा तो माणूस म्हणजे धोंडीबा साबळे. पोटासाठी ते एका पतसंस्थेत शिपाई होते. भाव टिपण्याचं मानधन वेगळं मिळायचं, पण ते इतकं किरकोळ की जेवढा वेळ ते त्यात घालवायचे तेवढ्यावर वाटलं, तर किमान वेतनाच्या खालीच भरलं असतं. मी एकदा तसं बोललो, तर म्हणाले, "आमी कुठं कामगार? आमी मानधनवालं."

स्वतःचा किराणा ते जीपने शेजारच्या आळे गावाला जाऊन आणत. नारायणगावात घेत नसत. "जिथं लिवायचं तिथं घेऊ ने. गिऱ्हाइकाला येगळा भाव सांगत्यात, राव, आन् सरकारला येगळा. मी सरकार हाये का गिऱ्हाईक, हे दुकानदाराला कळाया पायजेल." दुकानदारांना ते कधीच कळलं नाही. पण जीपभाडं मात्र साबळेभाऊंच्या खिशातून जात राहिलं.

आमचं कापडाचं दुकान त्यांच्या यादीत होतं. आमचं घराणं मूळचं मारवाडचं. पणजोबा खांद्यावर गाठोडं घेऊन आले आणि इथेच राहिले. कांदा-लसूण सोडला तर आम्ही आता पुरते जुन्नरी झालो आहोत. महिन्यातल्या दुसऱ्या बाजाराला, सकाळी अकराच्या सुमारास, साबळेभाऊ आमच्या पायरीवर उभे राहत. आत येत नसत, गादीवर बसत नसत. पायरीवरूनच म्हणत, "शेठ, मांजरपाट. छत्तीस इंची, ठरल्या गिरणीचा."

माझे वडील, त्यांना आम्ही बाबूजी म्हणायचो, स्वतः उठून वरच्या फळीवरचा तो ताका काढत. फडक्याने झटकत. त्याला लावलेली चिठ्ठी वाचत, जणू काही मागच्या महिन्यात वाचलीच नव्हती. "अकरा रुपये चाळीस पैसे मीटर." साबळेभाऊ कापड दोन बोटांत चोळून बघत, मान हलवत, लिहून घेत. मग ताका परत वर जाई.

ती गिरणी कधीच बंद पडली होती. तसलं जाडंभरडं कापड कोणी मागतही नव्हतं. सगळ्यांना टेरिकॉट हवं होतं, मजुरांनासुद्धा, कारण ते लवकर वाळतं. आमच्याकडे तो एकच ताका शिल्लक होता. साबळेभाऊंनी एकदा बाबूजींना सांगितलं होतं, "शेठ, ह्यो संभाळा. ह्यो सरकारच्या यादीत हाये." झालं! बाबूजींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आल्यागेल्या पाहुण्याला ते तो ताका दाखवत आणि सांगत, की सरकार आपल्या दुकानातून भाव घेतं. एक म्हातारा एकदा खरंच चार मीटर मांजरपाट मागायला आला, तर बाबूजींनी त्याला हात जोडले. "नाही बाबा, तो विकायचा नाही. तो सरकारी आहे." आयुष्यात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवण्याची त्यांची ती एकच वेळ असेल. आणि जुन्या मालाची चिठ्ठी बदलायची नाही हा आजोबांपासूनचा नियम, त्यामुळे भावही तोच राहिला. वर्षानुवर्षं अकरा रुपये चाळीस पैसे.

साबळेभाऊंचं लग्न झालं नव्हतं. त्याची एक गोष्ट पेठेत सांगितली जायची आणि मी ती त्यांनाच विचारली, तर ती खरी निघाली. तरुणपणी घोडेगावच्या बाजूला मुलगी बघायला गेले होते. पोह्यांची बशी समोर आली. साबळेभाऊंनी दोन पोहे बोटांत धरून उजेडात बघितले आणि मुलीच्या बापाला विचारलं, "हे जाडं का मध्यम?" बाप म्हणाला, जाडे. "मंग आता किलोला काय पडलं?" मुलगी आतून ऐकत होती. तिने आतूनच निरोप पाठवला, की ह्यांना म्हणावं, नुसता भाव विचारून जा. हे सांगताना साबळेभाऊ स्वतःही हसले. पुन्हा कुठे बघायला गेलात का, असं मी विचारलं, तेव्हा मात्र त्यांनी कागदाची घडी घातली आणि निघाले.

ते मूळचे जुन्नरच्या डोंगरपट्ट्यातल्या, मढच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतले. त्या भागातली माणसं भात निघाला की कामाला खाली नारायणगावात येतात, टोमॅटो तोडायला, द्राक्षाची विरळणी करायला, कांदा लावायला. एस.टी. स्टँडच्या अलीकडे सकाळी सहाला त्यांचा अड्डा भरतो. बागायतदार येतात, मजुरीचा रोज किती ते बोलतात, घासाघीस होते, बायका पिकअपमध्ये चढतात आणि जातात. साबळेभाऊंच्याच वाडीतली ठमाबाई नावाची म्हातारी त्या अड्ड्यावर यायची. बाजाराच्या दिवशी मात्र ती कामावर जात नसे; सकाळीच बाजार उरकून परतीची जीप भरेपर्यंत आमच्या पायरीवर टेकायची आणि त्यांना "धोंड्या" म्हणायची, हे आम्हाला फार आवडायचं.

एकदा तिने विचारलं, "धोंड्या, काय लिवितो रं दर बाजाराला? वाच बरं."

साबळेभाऊंनी यादी वाचली. तांदूळ. डाळ. गोडं तेल. दूध. मटण. अंडी. मांजरपाट. साडी. चप्पल. केशकर्तन. सिनेमाचं तिकीट.

"सिनेमाचं?" ठमाबाईने विचारलं. "हे कुनाच्या घरचं हाये?"

"मजुराच्या, मावशे. सरकार म्हन्तं, मजुराला एवढं लागतं. ह्याच्यावरनं त्याचा रोज ठरतो."

ठमाबाई पदराने तोंड झाकून हसली. तिच्याबरोबरच्या दोघीही हसल्या. मग ती म्हणाली, "त्या घरात माज्या नातीला दे रं बाबा. मटान बी हाये, दूध बी हाये. लई चांगलं घर हाये." आम्ही सगळे हसलो. बाबूजीही हसले आणि म्हणाले, "आणि जुन्नरच्या वेशीच्या आत दर जास्त, बाहेर कमी. म्हणजे वेस ओलांडली की भूक कमी लागते का हो, साबळेभाऊ?" साबळेभाऊ हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "कागदावर तरी कमी लागती, शेठ."

त्या हसण्यात मी माझी भर घातली, आणि ती घातली नसती तर बरं झालं असतं. मी नुकताच पुण्याहून बी.कॉम. होऊन गल्ल्यावर बसलो होतो. दोन-चार पुस्तकं वाचलेल्या पोराला आपलं शहाणपण दाखवायला कोणीतरी लागतंच. मी म्हणालो, "ठमाबाई, तुमचा रोज का वाढत नाही माहीत आहे का? तुमच्या धोंड्यामुळे. सगळ्या जगात कापड महागलं, आणि हे दर महिन्याला सरकारला कळवतात, की कापड अजून अकरा रुपये चाळीस पैसेच आहे. सरकार म्हणतं, मग भत्ता कशाला वाढवायचा? तुमची मजुरी ह्यांनीच अडवून ठेवलीय!"

सगळे पुन्हा हसले.  साबळेभाऊ वरच्या फळीकडे बघत राहिले. मग यादीतल्या उरलेल्या दुकानांत न जाता ते सरळ निघून गेले. असं आधी कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत रजा टाकून ते पहाटेच्या गाडीने पुण्याला गेले. जिथे त्यांचे कागद जात त्या ऑफिसात कुठल्या तरी साहेबांना भेटले. परत आले ते थेट आमच्या पायरीवर. पाणीसुद्धा मागितलं नाही.

"धाकलं शेठ, तुमचं खरं निघालं," ते मला म्हणाले.

मी गडबडलो. म्हणालो, "अहो, मी गंमत केली. एका ताक्याने काय होतंय?"

"सायेब बी तसंच म्हन्ले. म्हन्ले, एवढ्या गावांचं भाव येत्यात, तुमच्या एका वळीनं पैशा-दोन पैशाचा फरक पडंल. न्हाई बी पडणार." त्यांनी वरच्या ताक्याकडे बोट केलं. "पैसा का असंना. पर त्यो माज्या हातनं गेला ना. इतकी वर्सं. ठमामावशी रोज उभी ऱ्हाती थितं."

बाबूजी म्हणाले, "मग आजपासून नवा भाव लिहा. मी सांगतो तुम्हाला चालू कापडाचा."

"तसं न्हाई चालत, शेठ. मी इचारलं. जवर ठरला वाण ठरल्या दुकानात हाये, तवर त्योच लिवायचा. संपला तरच 'उपलब्ध न्हाई' लिवता येतं. मंग ते दुसरं कापड धरत्यात."

असं म्हणून साबळेभाऊंनी पायरीवर चपला काढल्या आणि ते आत आले. वीस वर्षांत पहिल्यांदा ते आमच्या गादीवर बसले. अगदी कडेला, गुडघे जवळ घेऊन. "शेठ, ताका काढा. घ्यायचाय."

बाबूजींना काय करावं कळेना. आधी ते म्हणाले, "तो सरकारी आहे." मग स्वतःचंच बोलणं त्यांना विचित्र वाटलं असावं. म्हणाले, "असाच घेऊन जा. पैसे नकोत."

"फुकाट न्हाई. फुकाट दिला तर संपला म्हनता येत न्हाई. इकला पायजेल. पावती करा."

बाबूजी मापायला बसले. साडेअठ्ठावीस मीटर भरला. तो मापून होईपर्यंत साबळेभाऊ त्या कापडावरून हात फिरवत होते. मग कोणी न विचारताच बोलायला लागले. त्यांची आईही त्याच अड्ड्यावर उभी राहायची. बाजाराच्या दिवशी ती त्यांना हाताला धरून पेठेतून फिरवायची आणि प्रत्येक दुकानात भाव विचारायची. गूळ कितीला, साबण कितीला, हा मांजरपाट कितीला. सगळं विचारून झालं की मीठ आणि काड्यापेटी घेऊन दोघं मढच्या वाटेला लागायची. "मला वाटायचं, बाजार म्हंजी हेच. भाव इचारायचं आन् घरी जायचं." ह्याच पायरीवर उभं राहून तिने मांजरपाटाचा भाव विचारला होता, पोराला एक सदरा शिवायचा म्हणून. कापड दोन बोटांत धरून बघितलं. तेव्हा गादीवर माझे आजोबा होते. ते म्हणाले होते, घ्यायचं नसेल तर हात लावू नको.

 बाबूजींनी पावती केली. साबळेभाऊंनी तिचा आकडा दोनदा तपासला आणि ताका खांद्यावर टाकून ते गेले. माझी मान त्या दिवशी वर झाली नाही. मी केलेला विनोद त्यांनी मानधनातून फेडला होता.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या बाजाराला अकरा वाजता ते पुन्हा पायरीवर हजर. "शेठ, मांजरपाट. छत्तीस इंची, ठरल्या गिरणीचा."

"संपला," बाबूजी म्हणाले.

साबळेभाऊंनी रिकाम्या फळीकडे बघून खात्री केली आणि कागदावर लिहिलं, उपलब्ध नाही. मला दाखवून विचारलं, "बरुबर लिवलंय ना, धाकलं शेठ?" काही महिन्यांनी वरून दुसरं कापड ठरवून आलं. त्याचा भाव जवळजवळ तिप्पट होता. तो त्यांनी दोनदा विचारून मगच लिहिला. मग पुढे कधीतरी भत्ता वाढल्याचा कागदही आला. तो त्यांच्या त्या ओळीमुळे वाढला, असं कोणीच म्हणणार नाही. साबळेभाऊ तो कागद घेऊन सकाळी अड्ड्यावर गेले आणि त्यांनी तो मोठ्याने वाचला. एका बागायतदाराने पिकअपमधूनच विचारलं, "भाऊ, सरकारला म्हनावं, टमाटं बी सरकारी दरानं घ्या माजं. मंग देतो." तो काही वाईट माणूस नव्हता. त्या आठवड्यात त्याने टोमॅटो रस्त्याच्या कडेला ओतले होते. त्या दिवशी अड्ड्यावर बायका जास्त आणि गाड्या कमी होत्या, म्हणून रोज उलट पाच रुपयांनी उतरला. ठमाबाई कागदाकडे न बघताच गाडीत चढली. म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं धोंड्या. तू वाचलंस, लई झालं."

त्या ताक्याचं काय केलं, हे मी त्यांना विचारलं नव्हतं. त्या हिवाळ्यात एक दिवस तेच म्हणाले, "धाकलं शेठ, उद्या सकाळी सहाला याल का? वझं हाये."

त्यांनी मांजरपाटाचे अडीच-अडीच मीटरचे अकरा तुकडे केले होते. उरलेल्या मीटरभराची भावाचे कागद ठेवायला पिशवी शिवून घेतली होती. तुकडे झोळीसाठी होते. अड्ड्यावरच्या बायका तान्ही पोरं बरोबर आणतात आणि द्राक्षाच्या मांडवाला जुन्या साडीची झोळी बांधून त्यात निजवतात. जुनी साडी फाटते. मागच्या हंगामात एक पोर पडलं होतं. "मांजरपाट फाटत न्हाई," साबळेभाऊ म्हणाले. "लई इमानी कापड."

थंडी मरणाची होती. मी तुकडे धरून उभा होतो आणि ते वाटत होते. ओळखीच्या बायका आल्या. ठमाबाईने नातसुनेसाठी एक घेतला, दोन्ही हातांनी ताणून बघितला आणि म्हणाली, "हत्ती निजंल ह्यात." दहा तुकडे भराभरा गेले. साबळेभाऊंच्या चेहऱ्यावर असं हसू मी कधी बघितलं नव्हतं. मलाही वाटलं, चला, माझ्या तोंडाने जे झालं त्याचं काहीतरी भलं झालं.

शेवटचा तुकडा उरला तेव्हा पिकअपने हॉर्न दिला होता. कुठल्या तरी लांबच्या वाडीतली, पहिल्यांदाच खाली आलेली एक पोरसवदा बाई कडेवर तान्हं घेऊन घाईने आली. ती साबळेभाऊंना ओळखत नव्हती. आधीचं वाटपही तिने पाहिलं नव्हतं. तिने कापड दोन बोटांत धरून चोळून बघितलं. तिला ते आवडलं, हे दिसत होतं. तिने विचारलं, "काय भाव, दादा?"

आणि साबळेभाऊंच्या तोंडून निघून गेलं, "अकरा रुपये चाळीस पैसे मीटर."

वीस वर्षांची सवय होती. मांजरपाट म्हटलं की तोच आकडा ऐकायचा, तोच लिहायचा. तिने लगेच कापडावरचा हात काढला. "न्हाई, घ्यायचं न्हाई," ती हसून म्हणाली. "नुसता भाव इचारला."

मला कळायला एक क्षण लागला. साबळेभाऊंना त्याहून जास्त लागला. ते "अगं बाई, अगं तसं न्हाई" म्हणत तुकडा घेऊन धावले, तोपर्यंत बायकांनी तिला वर ओढून घेतलं होतं. पिकअप आळ्याच्या रस्त्याला लागली होती. ते रस्त्याच्या मधोमध तुकडा हातात घेऊन उभे राहिले. मागून एस.टी. आली तेव्हा मी त्यांना बाजूला ओढलं.

नंतर चार-पाच सकाळी ते तुकडा घेऊन अड्ड्यावर गेले. ती बाई दिसली नाही. कोणी म्हणालं, ओतूरकडे कामाला गेली. कोणी म्हणालं, पोर आजारी पडलं म्हणून वर परत गेली. तिचं नावच माहीत नव्हतं, तर शोधणार कशी?

पुढच्या बाजाराला ते दुकानी आले ते आधी तो तुकडा बाबूजींसमोर ठेवायलाच. "तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या, शेठ. माज्याच्यानं घरात बघवत न्हाई." बाबूजींनी काही न विचारता त्याची नीट घडी घातली आणि सवयीने वरच्या फळीवर, त्या ताक्याच्याच जागी ठेवायला हात उंचावला.

"तिथं नगं!" साबळेभाऊ पायरीवरून ओरडले. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला. मग त्यांनी हात जोडले. "तिथं ठेवू नका, शेठ. दिसला तर मला त्याचा भाव लिवावा लागंल."

बाबूजींनी हात खाली घेतला. साबळेभाऊंनी पिशवीतून कागद काढला, नव्या कापडाचा भाव विचारला, लिहून घेतला. "घ्यायचं न्हाई" असं ते त्या दिवशी म्हणाले नाहीत, आणि पुढे साताठ वर्षं, अगदी अंथरुणाला खिळेपर्यंत, ते भाव विचारत राहिले तरी ते शब्द त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकले नाहीत.

तो तुकडा मी घरी नेला. अडीच मीटर आहे. अजून कुठेही विरलेला नाही.